परस्पर संमतीने घटस्फोट: सहा महिने थांबणे बंधनकारक आहे का?

प्रश्न: आमचा विवाह कोल्हापुरात झाला असून दोन वर्षांपासून मी राजारामपुरीत माहेरी आणि पती पुण्यात राहतात. दोघांचीही संमती असताना अर्ज येथेच करता येईल का?

उत्तर १: होय, ताई. विवाह येथे झाल्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब अन्वये संयुक्त अर्ज कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत, समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी व मुलांचा ताबा यांबाबत खरोखर तडजोड झालेली असेल, तर न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

उत्तर २: स्त्रीधनाची यादी तडजोडपत्रात अवश्य लिहून घ्या; माझ्या बहिणीच्या वेळी ती राहून गेली आणि फार मनस्ताप झाला. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम न्यायालयीन आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते.