मदत हवी आहे: वर्षाला ६० हजार आणि गोवा. पोकर टुर्नामेंट खेळू की कॅश गेम?

किलवर_गुलाम

नमस्कार मंडळी. पत्त्यांवर इथे धागे कमी येतात, आलेच तर मेंढीकोट आणि बदाम सातच्या आठवणींचे. माझा प्रश्न पोकरचा आहे, टेक्सास होल्डेमचा.

वय ३८, पुण्यात नोकरी. लॉकडाऊनपासून ऑनलाइन खेळत होतो, बहुतेक शंभर-दोनशे रुपयांच्या टुर्नामेंट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या साइट बंद पडल्या. कौशल्य की नशीब हा वादच त्या कायद्याने बाजूला ठेवला, पैसे लागले की बंदी. ते बरोबर की चूक यावर इथे नको बोलूया, माझा प्रश्न राहून जाईल.

आता उरला गोवा. मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर कॅश टेबल असतात, अधूनमधून टुर्नामेंटच्या मालिका होतात. बायकोशी बोलून वर्षाला ६० हजार बाजूला काढले आहेत. प्रवास आणि राहणं यात धरलेलं नाही. हे पैसे गेले तरी घरात काही अडत नाही.

ऑनलाइन छोट्या टुर्नामेंटमध्ये मी एकंदरीत किंचित वर होतो, म्हणून मन तिकडे ओढतं. मित्र म्हणतो कॅश खेळ, पाहिजे तेव्हा उठता येतं. वाचायला जे मिळतं ते सगळं अमेरिकेतलं: कॅशसाठी निदान तीस बाय-इन (एकदा खेळायला बसायची रक्कम) जवळ ठेवा, टुर्नामेंटसाठी शंभर. साठ हजारांना शंभरने भागलं तर सहाशे रुपये येतात. सहाशेत बोटीवर पाऊलही ठेवता येत नाही. मग माझ्यासारख्याने निवड कशी करायची?

इस्पिक_सत्ती

टुर्नामेंट! विचार कसला करताय? २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचं, म्हणजे मुख्य स्पर्धेचं, तिकीट मिळवलं आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. कॅश टेबलावर असं कधी होतं का?

नदीवरचा_पत्ता

सत्तीभाऊ, त्या वर्षी ८३९ जण बसले होते. बाकीच्या ८३८ जणांची नावं सांगा बघू.

किलवर, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पैसे कमवायचे आहेत की ठरलेल्या पैशात भरपूर खेळायचं आहे? उत्तरं वेगळी येतात.

कमवायचं असेल तर जगभर शहाणी माणसं कॅशकडे बोट दाखवतात, आणि कारण साधं आहे. कॅशमध्ये चिप म्हणजे पैसा. शंभराची चिप सकाळी शंभराची, रात्रीही शंभराची. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांना लावावी लागणारी सक्तीची रक्कम) वाढत नाहीत, त्यामुळे चांगल्या हाताची वाट बघत बसलं तरी चालतं. टेबलावर सगळेच तुझ्याहून तगडे निघाले तर उठायचं, कोणी अडवत नाही. आणि स्टॅक (समोरच्या चिप्स) खोल असतो, शंभर बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांतला मोठा) किंवा जास्त. म्हणजे फ्लॉप, टर्न, रिव्हर (टेबलावर सगळ्यांसाठी पत्ते उघडायच्या तीन पायऱ्या), तिन्ही ठिकाणी डोकं चालवायला जागा. टुर्नामेंटच्या उत्तरार्धात पंधरा-वीस ब्लाइंड हातात उरतात आणि खेळ ‘ऑल-इन की फोल्ड’ (सगळ्या चिप्स लावा, नाहीतर पत्ते टाका) एवढ्यावर येतो.

पण कॅशमध्येही एका रात्रीवरून काही ठरत नाही. खऱ्या डीलरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात पडतात. आठ तास बसलास तर दोनशेच्या आसपास. शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू त्या रात्री सरासरीने दहा ब्लाइंड कमवेल. तेवढ्याच हातांत नशिबाचा झोका सव्वाशे ब्लाइंडच्या आसपासचा असतो, वर किंवा खाली. म्हणजे गोव्याच्या एका सहलीत कौशल्य दिसतच नाही. वर्षातून दोनदा जाणाऱ्याला ते दिसायला किती वर्षं लागतील, तूच बघ.

टुर्नामेंटमध्ये झोका याहून मोठा. साधारण वरच्या १० ते १५ टक्के लोकांना बक्षीस. १५ टक्के धरले तरी दहा टुर्नामेंट खेळून एकदाही बक्षिसात न येण्याची शक्यता जवळपास २० टक्के. आणि आलास तरी बहुतेक वेळा तळाचं बक्षीस, बाय-इनच्या दीड-दोन पट. खरा पैसा पहिल्या तीन जागांत.

आता आयसीएम, म्हणजे चिप्सची बक्षिसाच्या पैशातली किंमत काढायचं गणित. शंभर रुपयांच्या टुर्नामेंटमध्ये याकडे कोणी बघत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. समज तिघे उरलेत, बक्षिसं ५० हजार, ३० हजार, २० हजार. तिघांकडे सारख्याच चिप्स. म्हणजे प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत ३३,३३३. आता एकाने ऑल-इन केलं आणि तू कॉल करणार (तेवढ्याच चिप्स लावून भिडणार) आहेस. हरलास तर तिसरा, हातात २० हजार, म्हणजे १३,३३३ गमावलेस. जिंकलास तर एक जण बाहेर, तुझ्याकडे दोन तृतीयांश चिप्स. पण त्या स्टॅकची किंमत ६६ हजार होत नाही. दुसऱ्या नंबरचे ३० हजार पक्के, वरच्या २० हजारांतले दोन तृतीयांश तुझे, एकूण ४३,३३३. म्हणजे कमाई फक्त १० हजार. १३,३३३ पणाला लावून १० हजार मिळवायचे तर कॉल करायला ५७ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. कॅशमध्ये तोच कॉल पन्नासला फिटतो. जॅक-जॅक आणि एस-किंग समोरासमोर आले तर जॅकची जोडी ५७ टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणजे जो हात कॅशमध्ये डोळे मिटून खेळायचा तो इथे काठावर. बबलवरही (बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर) हेच गणित चालतं. टुर्नामेंटमध्ये तू वर होतास म्हणतोस, तर हा भाग तुला किती येतो ते आधी तपास.

आबा_सातारकर

आमच्या गावात याला जुगार म्हणत आणि पोरांना चोप मिळे. साठ हजारांत एक बरी शेळी-पालनाची सुरुवात होते.

किलवर_गुलाम

आबा, शेळ्या बायकोला विचारून घेतो :)

नदीवरचा_पत्ता, मनापासून आभार. आयसीएमचं नाव ऐकलं होतं, हिशोब पहिल्यांदा कळला. खरं सांगायचं तर कमवायचंही आहे आणि खेळायचंही. एक मधला मार्ग सुचला: पुण्यातच मित्राच्या फ्लॅटवर शनिवारी कॅश खेळलं तर? त्याच्या ओळखीचा एक जण टेबल चालवतो, प्रत्येक पॉटमागे (डावात जमलेल्या रकमेतून) थोडे घेतो.

ताळेबंद

तो ‘थोडे घेतो’ तिथेच थांबा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी जिथे खेळ होतो ती जागा त्यात जुगाराचा अड्डा ठरते. धाड पडली तर तिथे बसलेले खेळणारेही त्यात येतात. राज्याने कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही, २०२३ मध्ये रद्दही झाला.

मी व्यवसायाने सीए. पोकरमधलं ओ की ठो कळत नाही, पण वरचे हिशोब वाचून राहवलं नाही, कारण त्यात कर कुठेच नाही.

पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. तुमचा स्लॅब कोणताही असो. खर्च वजा होत नाही. हरलेली रक्कम जिंकलेल्यातून वळती करता येत नाही. ऑनलाइन खेळाला २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर होता, म्हणून तुम्हाला कदाचित हे जाणवलं नसेल. समोरासमोरच्या टेबलाला ती सोय नाही.

आता तुमचं उदाहरण घ्या. १५ हजारांच्या दहा टुर्नामेंट, खर्च दीड लाख. नऊ हरलात, दहावीत २ लाख मिळाले. तुम्ही म्हणाल ५० हजार नफा. कर २ लाखांवर, ६२,४००. घरी आलात ते १२,४०० च्या तोट्यात.

जीएसटी अजून धरलेलाच नाही. कॅसिनोत चिप्स विकत घेताना किंवा स्पर्धेत प्रवेश घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर तो लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. १५ हजारांच्या प्रवेशावर तो वेगळा लावला तर २१ हजार मोजावे लागतील. वर कोणीतरी तळाचं बक्षीस दीड-दोन पट म्हणालं, दुप्पट धरा, म्हणजे ३० हजार. त्यावर कर ९,३६०, उरले २०,६४०. बक्षीस मिळवूनही ३६० रुपये खिशातून गेले.

कॅशमध्येही कर आहेच. फरक इतकाच की तिथे उठताना स्वतःच्याच परत आणलेल्या चिप्स म्हणजे जिंकणं नव्हे, त्यामुळे एका बैठकीतली हार-जीत आपोआप एकमेकांत मिसळते. टुर्नामेंटमध्ये प्रत्येक हरलेला प्रवेश कायमचा मेलेला खर्च. पण कॅशमध्ये दर नव्या चिप्सच्या खरेदीला पुन्हा जीएसटी. २५ हजारांच्या चिप्स दोनदा घेतल्या तर नुसता कर २० हजार होऊ शकतो. जिंकलेल्या चिप्स परत लावल्या तर त्यावर पुन्हा लागत नाही, हे मात्र चांगलं.

सनीव्हेलकर

बाप रे. इकडे कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममध्ये टक्केवारीऐवजी प्रत्येक हातामागे ठरावीक डॉलर काढतात आणि आम्ही त्यावरच कुरकुर करतो. हरलेली रक्कम इथे जिंकलेल्यातून वजा होते, म्हणून अमेरिकन पुस्तकांतल्या बँकरोलच्या (खेळायला बाजूला ठेवलेल्या पैशांच्या) नियमांत कराचा उल्लेख फारसा सापडत नाही. अर्थात २०२६ पासून इथेही तोट्याचा ९० टक्केच भाग वजा करण्याचा नियम झालाय, त्यावरून खेळाडूंनी रान उठवलंय. एकूण काय, ‘तीस आणि शंभर’ हे नियम तुमच्याकडे जसेच्या तसे नका उचलू.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. आम्हा गोंयकारांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी, त्यामुळे आम्ही काठावरचे प्रेक्षक. पण भाऊ एका बोटीवर नोकरीला आहे, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो.

कॅश टेबलावर ब्लाइंड ५०/१०० लिहिलेले असले तरी शनिवारी रात्री उशिरा दोघे-तिघे हौशी पाहुणे स्ट्रॅडल (पत्ते बघायच्या आधीच दुप्पट ब्लाइंड) लावायला लागतात आणि खेळ दुप्पट होऊन बसतो. ‘पाहिजे तेव्हा उठता येतं’ म्हणणारे तेव्हा उठत नाहीत. फुकट जेवण, फुकट दारू, बाहेर काळोख आणि काठावर नेणाऱ्या फीडर बोटीची वाट. भाऊ म्हणतो, संध्याकाळी ठरवून आलेले आकडे पहाटे कोणाच्या लक्षात नसतात. जायचंच तर मधल्या वारी जा. वय २१ च्या वर लागतं आणि फोटोचं ओळखपत्र मूळ हवं.

नदीवरचा_पत्ता

ताळेबंद ताईंचा हिशोब वाचल्यावर ‘कमवायचं’ हा प्रश्न उरतच नाही. एवढ्या करात फार थोडे लोक तरतात आणि ते वर्षाला साठ हजारांवर खेळत नाहीत. तेव्हा उरला दुसरा प्रश्न: ठरलेल्या पैशात जास्तीत जास्त आणि चांगला खेळ.

त्याला माझं उत्तर टुर्नामेंट. कॅशमध्ये तुझे पंचवीस हजार पहिल्याच तासात एका सेटसमोरच्या (तिकडीसमोरच्या) मोठ्या सेटमध्ये जातील आणि मग हात आपोआप दुसऱ्या खरेदीकडे जातो. टुर्नामेंटमध्ये जास्तीत जास्त किती जाणार हे बोटीवर चढायच्या आधीच माहीत असतं. अट एकच, री-एन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून प्रवेश) नाही. री-एन्ट्री घेतलीस की कॅशचा तोटा आणि टुर्नामेंटचा तोटा दोन्ही एकदम पदरात.

स्पर्धा निवडताना बक्षिसाचा आकडा बघू नकोस, रचना बघ. सुरुवातीला ३० हजार चिप्स, ब्लाइंड १००/२०० म्हणजे दीडशे ब्लाइंड, आणि लेव्हल (ब्लाइंड वाढायची पायरी) तीस-चाळीस मिनिटांची: अशात पूर्ण दिवस खेळ मिळतो. पंधरा मिनिटांच्या लेव्हलची टर्बो असेल तर सोडून दे, तीन तासांत सगळे शॉर्ट स्टॅक होतात, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने चिप्स फार थोड्या उरतात. आणि आयोजकांना आधी लेखी विचार: फी किती, जीएसटी बाय-इनच्या आत की वेगळा, टीडीएसचं प्रमाणपत्र कधी मिळतं.

किलवर_गुलाम

पटलं. वर्षाला दोन टुर्नामेंट, करासकट प्रत्येकी तीस हजारांच्या आत, री-एन्ट्री नाही. कॅश टेबलाकडे फिरकायचं नाही. शनिवारच्या फ्लॅटलाही नाही म्हणून कळवलं.

शेवटचा एक प्रश्न. बऱ्याच मालिकांत सहा-आठ लेव्हलपर्यंत उशिरा प्रवेश घेता येतो. जुने खेळाडू मुद्दाम उशिरा येतात असं ऐकलंय. मीही तसं करू का?

नदीवरचा_पत्ता

तू नको करू. उशिरा आल्यावर स्टॅक तेवढाच मिळतो पण ब्लाइंड वाढलेले, म्हणजे दीडशेऐवजी तीस ब्लाइंड घेऊन बसशील, फी आणि कर मात्र पूर्ण. ते लोक तासांची किंमत वाचवतात, कारण त्यांना दिवसाला दोन-तीन स्पर्धा खेळायच्या असतात. तू तर तासच विकत घ्यायला चालला आहेस. पहिल्या हातापासून बस.

ताळेबंद

आणि हरलेल्या प्रवेशांच्या पावत्याही जपून ठेवा. वजा होणार नाहीत, पण पुढे कधी पैसा कुठे गेला अशी विचारणा आली तर दाखवायला लागतात.