नवी स्प्रिंग टाकण्याआधी वॉशर बघा

जुन्या एअर रायफलचा जोर कमी झाला, म्हणून जास्त ताकदीची स्प्रिंग टाकावी असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. छर्रा ढकलते ती हवा; स्प्रिंग फक्त पिस्टनला पुढे रेटते आणि तो हवा दाबतो. पिस्टनच्या तोंडाचं वॉशर सुकलं असेल तर हवा बाजूने निसटते, आणि जड स्प्रिंगने नुसता धक्का वाढतो, नेम बिघडतो.

आधी छर्रा भरायला नळी जिथे वाकवतात त्या सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि छर्रा भरून सुरक्षित दिशेला चाप ओढा. कागद उडाला तर गळती तिथेच आहे, तिथलं हवा अडवणारं छोटं सील बदलून काम भागेल. छर्रा न भरता मात्र कधीच उडवू नका. पुढे हवेची उशी नसली की पिस्टन थेट धातूवर आदळतो.

चामड्याचं वॉशर असेल तर ते लगेच फेकू नका, नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) भिजवल्यावर बऱ्याचदा पुन्हा मऊ होतं. साधं खनिज तेल सिलिंडरमध्ये सोडलं तर दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सीलही जळतं. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही अगदी पातळ थरात.

खोलताना घाई नको! स्प्रिंग आत दाबलेलीच असते. शिकंजा लावून, दाब हळूहळू सोडत मागचा भाग काढा, आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत आणू नका.