दाबापेक्षा टाकी बघा

दादा, कारच्या सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप सायकलचा ट्यूबलेस टायर रिमवर बसवायला पुरेल का, असं विचारलंत. नाही पुरत. डब्यावर १५० पीएसआय दाब लिहिलेला असला तरी हवा इतकी हळू येते की टायरची कड रिमला टेकायच्या आत सगळी निसटते. इथे एकदम झोत लागतो, म्हणून टाकीवाला कॉम्प्रेसर घ्या. घरच्यासाठी २४ लिटर भरपूर झाली. आपल्याकडे लाईटचा काय भरवसा, टाकी आधी भरून ठेवली की मोटर बंद असली तरी काम होतं.

व्हॉल्व्हचा कोअर (आतला काढता येणारा भाग) काढून हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा. हुकलेस रिमला (कडेला टायर पकडणारा हुक नसलेल्या) मात्र ७२ पीएसआयच्या वर जाऊ नका. टायरवरचा आकडा त्याहून कमी असेल तर तोच पाळा. जालना रोडच्या पंक्चरवाल्याकडे जायचं तर प्रेस्टाचा (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा) अडॅप्टर खिशात ठेवा, त्याच्याकडे बहुतेक नसतोच.