जुना एक्सचेंज सर्व्हर गेला, पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्याचं नाव उरलंय

प्रश्न
एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१३ वरून २०१९ वर सगळ्या युजर्सचे मेलबॉक्स हलवले. जुनं व्हर्च्युअल मशीन अनइन्स्टॉल न करताच डिलीट झालं. जुनं डीएनएस नाव सध्या नव्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवलंय. 'गेट-एक्सचेंजसर्व्हर' ही कमांड अजून दोन्ही नावं दाखवते आणि ऑफिसात आउटलुक उघडलं की सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही अशी चेतावणी येते. मोबाइलवर त्रास नाही. एडीएसआय एडिटमधून (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे नेटवर्कमधल्या युजर्स-सर्व्हर्सची यादी, थेट बदलायचं साधन) जुनी नोंद उडवू का?

उत्तर १
लगेच नको. त्याच नावाचं विंडोज सर्व्हर २०१२ आर२ उभं करा (आधी जी आवृत्ती होती तीच), कॉम्प्युटर अकाउंट रिसेट करून डोमेनला जोडा आणि २०१३ चं सेटअप '/एम:रिकव्हरसर्व्हर' देऊन चालवा. सीयू (क्युम्युलेटिव्ह अपडेट) पूर्वीचाच हवा. मग रीतसर अनइन्स्टॉल करा. अर्धा दिवस जातो, पण नोंदी सेटअप स्वतःच काढतो. हाताने काढताना एखादी राहतेच.

उत्तर २
चेतावणीचं कारण एससीपी (सर्व्हिस कनेक्शन पॉइंट, सर्व्हरचा पत्ता सांगणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली नोंद). डोमेनमधलं आउटलुक ऑटोडिस्कव्हरचा (मेलची सेटिंग्ज आपोआप देणारी सेवा) पत्ता अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून घेतं आणि त्याच साइटमधल्या नोंदींत सर्वांत जुनी आधी वापरतं. मोबाइल तिथे बघतच नाही, म्हणून तो शांत आहे. ही नोंद सर्व्हरच्या ऑब्जेक्टखालीच असते, त्यामुळे सर्व्हर काढला की तीही जाते.

प्रश्नकर्ता
२०१३ चं सेटअप मिळत नाहीये. हातानेच करावं लागेल.

उत्तर २
मग आधी डोमेन कंट्रोलरचा (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ठेवणारा सर्व्हर) सिस्टिम स्टेट बॅकअप घ्या. हे टाळू नका. सेंड कनेक्टरच्या (बाहेर मेल पाठवायची सेटिंग) सोर्स सर्व्हरमधून जुनं नाव काढा. 'गेट-मेलबॉक्स -आर्बिट्रेशन' चालवून बघा, बहुतेक वेळा घोळ इथेच असतो: सिस्टिममेलबॉक्स (एक्सचेंज स्वतःच्या कामासाठी वापरतो ते) जुन्याच डेटाबेसवर राहिलेले असतात. डेटाबेसच गेला असेल तर त्यांची अकाउंट्स काढून २०१९ चं सेटअप '/प्रिपेअरएडी' देऊन पुन्हा चालवा, मग 'एनेबल-मेलबॉक्स -आर्बिट्रेशन'. त्यानंतर 'रिमूव्ह-मेलबॉक्सडेटाबेस'.

शेवटी एडीएसआय एडिटमध्ये कॉन्फिगरेशन → सर्व्हिसेस → मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज → तुमची ऑर्गनायझेशन → अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप्स → एक्सचेंज अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुप → सर्व्हर्स इथे फक्त जुन्या सर्व्हरचा ऑब्जेक्ट काढा. वरच्या ग्रुपला हात लावू नका, नवा सर्व्हरही त्यातच आहे.

उत्तर ३
सोबत जुन्या सर्व्हरचे हेल्थमेलबॉक्स (एक्सचेंजच्या स्वतःच्या तपासणीचे मेलबॉक्स) आणि कॉम्प्युटर अकाउंटही काढा. मग बदल सगळ्या डोमेन कंट्रोलर्सवर पोचवायला 'रेपअ‍ॅडमिन /सिंकऑल /एडीईपी' चालवा. दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर नोंद गेलीय का ते बघेपर्यंत आउटलुक तपासू नका, नाहीतर चेतावणी पुन्हा दिसेल आणि काम फसलं असं वाटेल. जुनं डीएनएस नाव आउटलुक नीट चालल्यावरच काढा.