रक्तदाबाची गोळी चालू असताना प्रतिजैविक कोणते घ्यावे?

प्रश्न
माझी आई ७२ वर्षांची असून ती रक्तदाबासाठी रोज अॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घेते. छातीतल्या संसर्गासाठी डॉक्टरांनी तिला क्लॅरिथ्रोमायसिन सुरू केले. तेव्हापासून उभे राहिले की तिला घेरी येते, पायांना सूज आली आहे आणि घरच्या यंत्रावर वरचा दाब ९४ दिसतो. हा आजारपणातला अशक्तपणा समजावा, की या दोन औषधांचा एकमेकांशी संबंध आहे?

उत्तर : एक फिजिशियन
संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आईंची लघवी कमी झाली असेल किंवा त्या गुंगीत असतील, तर थेट रुग्णालयात न्या.

अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते आणि यकृतातले सीवायपी३ए४ नावाचे विकर त्याचा हळूहळू निचरा करते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन हेच विकर अडवतात, त्यामुळे डोस तोच राहूनही रक्तातले औषध वाढते, दाब घसरतो आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. कॅनडातील ओंटारिओमध्ये वृद्ध रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अॅम्लोडिपिनच्या गटातील (कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर) रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत क्लॅरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांपैकी हजारी सुमारे ४ जणांना मूत्रपिंडाच्या तीव्र इजेमुळे दाखल व्हावे लागले. त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारी सुमारे २ होते. याच गटातील निफेडिपिन घेणाऱ्यांना धोका सर्वाधिक होता.

अॅझिथ्रोमायसिन हे विकर फारसे अडवत नाही, मात्र हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्यांना ते जपून द्यावे लागते. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चालेल का, हे संसर्ग कोणता आहे यावर ठरेल. अॅम्लोडिपिन शरीरात बराच काळ टिकते, म्हणून प्रतिजैविक बदलल्यावरही काही दिवस दाब मोजत राहा.

उत्तर : एक औषधविक्रेता
उलट बाजूही लक्षात घ्यावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असते, ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. लिनेझोलिड हे प्रतिजैविक अशा औषधांचा निचरा करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखते आणि मग दाब एकदम चढू शकतो. औषधप्रतिरोधी क्षयाच्या उपचारात लिनेझोलिड महिनोन्महिने चालते, आणि सर्दीची गोळी तर लोक चिठ्ठीशिवायच मागतात. अशा वेळी दुसरे काय चालू आहे, हे विचारल्याखेरीज मी ती देत नाही.

उत्तर : क्षयरुग्णाची मुलगी
क्षयाच्या नेहमीच्या उपचारातले रिफॅम्पिसिन हे औषध वर आलेल्या सीवायपी३ए४ या विकराचे काम वाढवते. माझ्या वडिलांचा आटोक्यातला दाब त्यामुळे चढू लागला आणि डॉक्टरांना रक्तदाबाचे औषध बदलावे लागले. कोर्स संपल्यावर हा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, तेव्हा वाढवलेला डोस पुन्हा कमी करावा लागतो. ती तारीख आम्ही आधीच डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घेतली होती.