उत्तर: उत्तर: मिरवणुकीचा कॅमेरा (आज रात्रीपर्यंत कळवा!!)

ढोलपथक, मंगळवार, १८:१२

मंडळी, दुकानातली सूट उद्या संपतेय. कमिटीने साडेचारशे युरो मंजूर केलेत. साधा अ‍ॅक्शन कॅमेरा की ३६० (पुढे-मागे दोन भिंगं, चारी दिशा एकदम टिपणारा)? माझं मत ३६०. रिंगणात ढोल चहूबाजूंनी असतात, साध्या कॅमेऱ्यात अर्धं पथक पाठमोरं येतं. मधोमध काठी धरायची, विषय संपला. काठी चित्रात दिसतसुद्धा नाही. हरकत असेल तर आत्ताच सांगा, १९ तारखेला हॉलमध्ये नको.

खजिनदार, १८:४०

साडेचारशेत कॅमेरा, काठी, कार्ड आणि जादा बॅटरी, सगळं आलं पाहिजे. साधा कॅमेरा कसाबसा बसतो, चांगला ३६० नाही बसत. आणि आधीच्या कॅमेऱ्याचं काय झालं ते नव्या सभासदांनाही कळू दे. तो वॉटरप्रूफच होता. पॉवर बँक लावायला बॅटरीचं झाकण उघडं ठेवलं आणि विसर्जनाच्या टबावर वाकून शूटिंग केलं. कोणी, ते लिहीत नाही.

ढोलपथक, १८:४४

टबाला धक्का लेझीमवाल्यांनी दिला होता.

एडिटिंग, १९:३०

दरवर्षी व्हिडिओ मी जोडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३६०च्या डब्यावर ८के असतं ते अख्ख्या गोलाचं. आडवे ७६८० पिक्सेल चारी दिशांना वाटले जातात. त्यातला समोरचा ९० अंशांचा तुकडा कापला की हातात उरतात १९२०, म्हणजे जुनं फुल एचडी. साधा कॅमेरा ४केवर ठेवला तर ३८४० पिक्सेल नुसते समोर. ताशावाल्याच्या काड्या स्पष्ट हव्या असतील तर हा फरक डोळ्याला दिसतो. हॉलमधल्या आरतीला तर जास्तच, मिणमिणत्या उजेडात ३६०चं चित्र रवाळ होतं.

दुसरं, जोड. दोन्ही बाजूंच्या भिंगांची चित्रं जिथे जुळतात तिथे जवळची वस्तू तुटते. काठी लपते ती त्याच जोडावर आणि अगदी सरळ रेषेत असते म्हणून. पण कोणाचं टिपरू जोडासमोर हातभर अंतरावर आलं तर ते मधूनच गायब होतं. दोन-तीन मीटर लांब असेल तर चालतं.

तिसरं म्हणजे मी. इन्स्टा३६०च्या एक्स४ कॅमेऱ्यावर सेकंदाला कमाल २०० मेगाबिटने घेतलं तर तासाला ९० जीबी होतात. वर प्रत्येक शॉटमध्ये नंतर बसून ठरवायचं की बघायचं कुठे. तुमचा प्रश्न सुटत नाही, तो माझ्या टेबलावर येतो. गेल्या वेळी व्हिडिओ दिवाळीनंतर आला म्हणून सगळ्यात जास्त कोण ओरडलं होतं, आठवा.

बालविभाग (काकू), २०:०५

माझा मुद्दा वेगळाच आहे. गोल कॅमेरा म्हणजे फुटपाथवरचे, समोरच्या कॅफेतले, गॅलरीतले सगळेच येणार. इथे जर्मनीत स्वतःच्या चित्रावरच्या हक्काचा कायदा १९०७ सालचा आहे. कलम २२ म्हणतं, संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. मिरवणुकांना कलम २३ची सवलत आहे, पण ती मिरवणुकीत सामील असलेल्यांसाठी. कॉफी पीत बसलेला माणूस आपल्या मिरवणुकीत नाही. आणि मुलांचे जवळून घेतलेले शॉट आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हे मी तिसऱ्यांदा लिहितेय.

एडिटिंग, २०:११

काकू, कापताना त्याला वगळता येतो. अख्खा गोल मात्र जसाच्या तसा यूट्यूबवर चढवायचा नाही, हे मान्य.

माजी अध्यक्ष, २०:५०

फोटो-व्हिडिओ विभाग मी सुरू केला तेव्हा खांद्यावर कॅमेरा आणि कमरेला बॅटरीचा पट्टा असायचा. पहिल्या गणपतीची व्हीएचएस कॅसेट हौसेने न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवली. तिकडे नुसते पट्टे! टीव्हीची पद्धतच वेगळी, इथे पाल, तिथे एनटीएससी. ती बिचारी फक्त आवाजावर आरती ओळखत बसली. सांगायचं काय, घ्याल तो कॅमेरा इथलाच घ्या. आणि खरेदीआधी मला एक फोन करायची पद्धत होती पूर्वी.

साउंड-लाइट, २१:०२

काका, तो घोळ अजून जिवंत आहे. आधीच्या व्हिडिओत आरतीच्या वेळी दिवे लपलपत होते आणि सगळे मला बोलले. कॅमेरा अमेरिकेहून आणलेला, सेटिंग ६० हर्ट्झवर तसंच राहिलेलं, आणि इथली वीज ५० हर्ट्झची. फ्लिकरचं सेटिंग ५०वर आणून २५ किंवा ५० फ्रेमवर घेतलं असतं तर काही झालं नसतं. दिवे माझे ठीकच होते. ढोलाचा आवाजही कॅमेऱ्याचा वापरू नका, तो फाटतो. मी रेकॉर्डर वेगळा लावेन, पथकापासून लांब.

ढोलपथक, २१:१५

म्हणजे ३६० नको असं सगळ्यांचं ठरलं का? माझ्या बाजूने कोणीच नाही?

एडिटिंग, २१:३८

मी नको म्हटलंच नाही. रिंगणासाठी तोच बरा, तिथे उजेडही असतो आणि मधे मोकळी जागाही. पण वर्षातून पंधरा मिनिटं. तेव्हा साधा विकत घेऊ, तो कोजागिरीला, सहलीला, नाटकाच्या तालमीलाही लागेल. ३६० त्या एका शनिवारासाठी भाड्याने आणू. रिंगण फक्त, बाकी बंद. कार्ड त्याच रात्री माझ्या हातात. आणि ते भिंग फुगीर असतं, कॅमेरा टेबलावर आडवा ठेवायचा नाही. भाड्याच्या वस्तूला ओरखडा परवडणार नाही.

खजिनदार, २१:४४

भाडं मंजूर रकमेतूनच. अनामत कोण भरणार?

ढोलपथक, २१:४६

अनामत मी भरतो. कपाटातली जुनी काठी चालेल ना?

एडिटिंग, २१:५०

ती जाड आहे, जोडाबाहेर दिसेल. बारीक हवी.

माजी अध्यक्ष, २२:२०

कपाटातली काठी माझी आहे. २ वर्षांपूर्वी लेझीमच्या तालमीला दिली होती, परत आलेली नाही.