मुलीला घेऊन एकटीने मुंबईत परत, कोणी केलंय का?

जर्सीची_पार्लेकर: ११ वर्षं झाली इथे, आता डिव्होर्स झालाय, लेक ७ वर्षांची, पासपोर्ट अमेरिकन. आई पार्ल्यात एकटीच असते. जूनच्या आत यायचंय पण शाळा, मराठी, सगळंच डोक्यात गरगरतंय.

खिडकीतली: मी आले तेव्हा मुलगा ६ चा होता. आधी कस्टडीचं बघ बाई, बापाची लेखी संमती नाहीतर कोर्टाची ऑर्डर हातात असल्याशिवाय विमानात बसू नकोस. एका पालकाने परदेशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा जो १९८० चा हेग करार आहे त्यात भारत नाही त्यामुळे इथे कोण विचारतंय असं नातेवाईक सांगतील, अजिबात ऐकू नकोस, तिकडे गुन्हा लागू शकतो.

दादरकर: लेकीचं ओसीआय (परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) तिकडूनच करून आणा, व्हिसाची कटकट नाही. आणि २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आहेच, तेव्हा आत्तापासून अक्षरं गिरवायला लावा.

खिडकीतली: माझा पोरगा दोन महिने डब्यात नुसता ब्रेड-जॅम न्यायचा, आता वडापाववाल्याला 'काका, सुकी चटणी जास्त' म्हणतो 😄

जर्सीची_पार्लेकर: थँक्यू ग. आईला अजून सांगितलंच नाहीये, आज फोन करते.